लाइनवर उभं राहणाऱ्याला

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज पडलेला होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल घेऊन पळणारा रनिंग बॅक व्हायचं मनात होतं आणि कोचने राइट गार्ड केलं, म्हणजे मधल्या सेंटरच्या उजवीकडचा. ‘काका, तिथे बॉलला हातसुद्धा लागत नाही,’ म्हणालास. खरं आहे. समोरच्यांना अडवणाऱ्या पाच जणांच्या ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये बॉल फक्त सेंटरच्या हातात येतो, तोही मागे क्वार्टरबॅकला, म्हणजे चाल चालवणाऱ्याला, द्यायला.

तरी एक प्रसंग ऐक. ३१ डिसेंबर १९६७, ग्रीन बे, तापमान उणे २५ सेल्सिअस. डॅलसविरुद्ध ग्रीन बेचा संघ पॅकर्स तीन गुणांनी मागे, १६ सेकंद बाकी, एंड झोन, म्हणजे बॉल नेला की गुण मिळतात ती शेवटची पट्टी, यार्डभरावर. समोरचा जेथ्रो प्यू उंच राहून खेळतो, हे राइट गार्ड जेरी क्रेमरने आधीच फिल्म पाहून हेरलं होतं. तो प्यूच्या खाली घुसला, शेजारून सेंटर केन बोमनने जोर लावला आणि त्या फटीतून क्वार्टरबॅक बार्ट स्टार बॉल घेऊन आत गेला. सामना २१-१७. क्रेमरची जागा तीच, जी आज तुला मिळाली आहे.

आमच्या तालमीत वस्ताद कंबर खाली ठेवायला सांगायचे, ते इथेही तसंच्या तसं लागू आहे. जो खाली, तो जिंकतो. मात्र कंबरेतून वाकू नकोस, गुडघ्यांतून बस. डोकं वर, नजर समोर. डोकं खाली घालून धडकायचं नाही, मानेशी खेळ नको.

तू पाठवलेल्या व्हिडिओत एक गोष्ट दिसली. रनच्या, म्हणजे बॉल घेऊन धावायच्या चालीच्या, वेळी जमिनीवर टेकलेल्या हातावर तुझा इतका भार असतो की बोटांची पेरं पांढरी पडतात. पासच्या, म्हणजे बॉल फेकायच्या, वेळी तोच हात नुसता टेकलेला. समोरचा लाइनमन ते वाचतो आणि स्नॅपआधीच, म्हणजे सेंटरने बॉल मागे देण्याआधीच, त्याला सगळं कळतं. भार दोन्ही वेळा सारखाच ठेव. पुल करून, म्हणजे जागा सोडून, बाहेर धावायचं असेल तेव्हा डोळेही आधी तिकडे जाऊ देऊ नकोस.

गार्डचं निम्मं काम शेजाऱ्याबरोबर असतं. सेंटर आणि तू मिळून एकाला ढकलता, मग दोघांपैकी एकाने सुटून मागच्या लाइनबॅकरला, म्हणजे त्यांच्या लाइनमागच्या बचावपटूला, गाठायचं. कुणी, ते लाइनबॅकर कुठल्या बाजूने येतो त्यावर ठरतं. घाईने सुटलास तर पहिला मोकळा होतो. म्हणून खांद्याला खांदा, मांडीला मांडी लावून ढकल आणि तोंडाने बोलत राहा. समोरच्या दोघांनी जागा बदलल्या की ओरडून अदलाबदल करायची. लाजून गप्प राहिलास तर क्वार्टरबॅक आडवा होईल.

हात समोरच्याच्या छातीवर, कोपरं आत. बाहेरून जर्सी धरलीस की होल्डिंग, दहा यार्ड मागे.

गार्डच्या बाहेरच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या टॅकलची पावलंही शिकून ठेव, कधी कुणी जखमी झालं तर तुलाच उभं करतील. बाहेरचा पाय मागे सरकतो, आतला त्याच्या मागोमाग, दोहोंतलं अंतर तेवढंच. खांदे लवकर वळवलेस की आतली वाट उघडी पडते. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डाव्या टॅकलकडे असते, म्हणून त्या जागेला एवढं महत्त्व. फिलाडेल्फियाच्या जॉर्डन मायलाटाकडे बघ. सिडनीचा रग्बी लीगवाला, अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळता २०१८ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सातव्या फेरीत निवडला गेला. त्याच जागेवर खेळत २०२५ मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. अंगात ताकद होतीच, पावलं त्याला नव्याने शिकावी लागली. तू तर आत्ता पंधरा वर्षांचा आहेस.

वजन वाढवायला म्हणून बर्गर रिचवू नकोस. आईच्या हातचं पोटभर खा आणि स्क्वॉट्स चुकवू नकोस.

पुढचा व्हिडिओ बाजूने काढ, समोरून नको. मला टाचा आणि कंबर दिसायला हवी. शुक्रवारच्या सामन्याला मी कामावरून थेट येतोय, तेव्हा बॉलकडे नाही, तुझ्याकडेच बघणार आहे.

तुझा,
काका