महाराष्ट्रातल्या ज्येष्ठ नागरिकांची सामाजिक-आर्थिक स्थिती कशी आहे? पुण्यातले पेन्शनर तर मजेत दिसतात.

प्रश्नातलं दुसरं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितो आहे.

मी पुण्यातला पेन्शनर आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत चौतीस वर्षं शिकवलं, ३१ मे २०१५ ला निवृत्त झालो. एक तारखेच्या आसपास पेन्शन खात्यात जमा होते, महागाई भत्ता वाढला की तीही वाढते, नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतो. सकाळी तळजाईवर फिरायला जातो. तुम्हाला जे मजेत दिसतात त्यांतलाच मी एक. पण महाराष्ट्रातला ज्येष्ठ म्हणून माझ्याकडे बघू नका. टेकडीच्या या बाजूला धनकवडीत मी राहतो आणि त्या बाजूला जनता वसाहतीत माझी ताई राहते. तिच्याकडे बघा.

आधी आकडे देऊन टाकतो, कारण प्रश्न त्यांचाच आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढचे ९.९ टक्के होते, म्हणजे एक कोटी दहा लाखांच्या वर. देशाची सरासरी ८.६ होती. आपल्या पुढे केरळ (१२.६), गोवा, तमिळनाडू, पंजाब आणि हिमाचल. अधिकृत अंदाजानुसार २०२१ मध्ये आपण ११.७ वर आलो आणि २०३१ ला १५ टक्क्यांवर जाऊ. मुलं कमी होतायत (एका बाईमागे सरासरी १.७), माणसं जगतायत जास्त, तेव्हा हे होणारच होतं. साठीच्या पुढे बायका पुरुषांपेक्षा जास्त आहेत आणि त्यांत विधवांचं प्रमाण मोठं आहे. देशातल्या ज्येष्ठांपैकी साधारण ७१ टक्के खेड्यांत राहतात. कोकणात तर तरुण मुंबईला आणि म्हातारी माणसं घर राखायला, असं दोन-तीन पिढ्या चाललंय. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, त्या उगीच नव्हेत.

आता ताई.

बहात्तरच्या दुष्काळात ती करमाळ्याकडून पुण्याला आली. त्याआधी सहा महिने दुष्काळी कामावर खडी फोडली होती, कडेवर मूल घेऊन. दाजी बिगारी होते. ताईनं नवी पेठेत आणि सदाशिव पेठेत धुणीभांडी केली, पस्तीस-चाळीस वर्षं, एका वेळी चार-पाच घरं. त्यांतली निम्मी घरं पेन्शनरांची. तुम्हाला जे मजेत दिसतात त्यांची भांडी कोण घासतं, हा प्रश्न तुमच्या प्रश्नात यायला हवा होता.

२०१७ ला दाजी गेले. ताईचे गुडघेही गेले होते, कामं सुटली. मी म्हटलं, श्रावणबाळ योजनेत तुझं नाव घालू. पासष्टीच्या पुढच्या गरीब ज्येष्ठांना राज्य सरकार दरमहा पैसे देतं. तेव्हा सहाशे होते, २०१९ मध्ये हजार झाले, २०२३ पासून पंधराशे. कागद काढायला बसलो आणि आधार कार्ड हातात घेतलं, तर जन्मतारीख ०१/०१/१९६०. आधार काढताना कुणीतरी अंदाजानं वर्ष घातलं आणि यंत्रानं पहिली तारीख लावली. आमचा धाकटा भाऊ १९६० च्या दिवाळीतला. त्याला जिनं कडेवर वाढवलं ती बहीण आधारवर त्याच्याच वयाची.

तहसील कचेरीच्या खिडकीवर सांगितलं, वय बसत नाही. सरकारी डॉक्टरचा वयाचा दाखला नेला, तर म्हणाले, आधारशी जुळला पाहिजे. कोतवाल बुकातला, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतला, उतारा शोधला, त्या सालाचं बुकच मिळेना. ती शाळेत गेलेलीच नाही असं मी आयुष्यभर धरून चाललो होतो. एका संध्याकाळी चहा गाळता गाळता ती सहज म्हणाली, "मी गेले होते की दोन वर्षं. पाटीवर श्री काढून घ्यायचे गुरुजी."

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून गावी गेलो. आमची जुनी शाळा. मुख्याध्यापक माझ्या मुलाच्या वयाचे, भला माणूस. त्यांनी पत्र्याच्या कपाटातून जनरल रजिस्टर काढलं, लाल कापडात बांधलेलं. पानांच्या कडा वाळवीनं खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली. अर्धा तास बोट फिरवत गेलो आणि सापडली. नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख १ जून १९५२, दाखल जून १९५८, नाव कमी नोव्हेंबर १९६०. शेवटच्या रकान्यात कारण: सतत गैरहजर.

हे दोन शब्द मी स्वतः किती मुलींच्या नावापुढे लिहिलेत. लिहिताना कधी हात थांबला नाही. नोव्हेंबर १९६० मध्ये आमच्या घरी पाळणा हलत होता आणि आई रोजानं खुरपायला जात होती. ताई गैरहजर नव्हती, ती घरी कामावर हजर होती. त्याच शाळेत पुढे मी शिकलो, शिक्षक झालो, आणि आज जी पेन्शन खातो तिची सुरुवात त्या रकान्यात आहे.

१ जूनचंही सांगतो, तुमच्या अभ्यासाला उपयोगी पडेल. महाराष्ट्रात माझ्या पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे, हात पोचला की सहा वर्षं धरून तारीख टाकायचे. माझीही १ जून १९५७ तशीच. ज्यांच्याकडे असा कागदही नाही ते वय गोल आकड्यात सांगतात, म्हणून वयाच्या तक्त्यात ६०, ६५, ७० या वर्षांवर माणसांचा ढीग लागलेला दिसेल आणि ६१, ६२ रिकामी वाटतील. ती खरी वयं नाहीत, अंदाज आहेत. पण माझा अंदाज सरकारनं जन्मभर मान्य केला, कारण तो शाळेच्या कागदावर होता. ताईचा अंदाज तिच्या डोक्यात होता.

त्या उताऱ्यावरून आधार दुरुस्त झालं, तीन खेपा घालून. वय बसलं. मग उत्पन्न आलं. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत पाहिजे. महिन्याला १,७५०. पुण्यात एका कुटुंबाला एवढ्यावर जगून दाखवा! भाचा टेम्पो चालवतो, त्याला दोन मुलं, सगळे एका खोलीत. दाखला एकवीस हजारांचा निघणं शक्यच नव्हतं. विधवा म्हणून संजय गांधी निराधार अनुदान योजनेत घालावं, तर तिथेही तीच २१,००० ची अट. तेव्हा खिडकीबाहेरच्या एकानं रस्ता सांगितला: रेशनकार्ड विभक्त करा, मुलगा सांभाळत नाही असं प्रतिज्ञापत्र द्या, महिन्याभरात काम होईल.

मी तयार होतो, हे कबूल करतो. स्टँपपेपर आणला, मजकूर टाइप करून घेतला आणि तिच्यापुढे ठेवला. वाचून दाखव म्हणाली. वाचून दाखवला. तिनं कागद दुमडून माझ्या खिशात घातला. "पोरगा मला जेवायला घालतो. घालत नाही म्हणून मी सही करू? आणि उद्या त्याच्या पोरानं हा कागद वाचला तर?"

तिथे ते प्रकरण संपलं. ताईला आजही श्रावणबाळचा रुपया मिळत नाही.

धाकटा भाऊ गेली सहा वर्षं प्रत्येक कार्यात हे काढतो. "बघ, तिलाच नको होतं. आपल्या घरातली बाई हजार रुपयांसाठी सरकारच्या दारात उभी करतोस, भीक आहे ती." पहिल्यांदा हे बोलला तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला, मी देतो तिला महिन्याला हजार. चार महिने दिले. मग लॉकडाऊन लागलं, पैसे थांबले ते थांबलेच. ताईनं मागितले नाहीत, ती मागणार नाही. त्याला तेव्हा जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितो. तिनं पैसे नाकारले नाहीत, खोटं बोलायचं नाकारलं. आणि भीक म्हणशील तर, माझी पेन्शन मंजूर करताना माझा मुलगा किती कमावतो हे मला कुणी विचारलं का? माझा मुलगा हिंजवडीला आयटीत आहे. मी त्याच्यापासून वेगळी चूल मांडली असं कुणी लिहून घेतलं का? माझी पेन्शनही लोकांच्या करातून येते आणि ताईनं काडेपेटीपासून साबणापर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरलाय. एका आईबापाची दोन मुलं, दोघांनी जन्मभर काम केलं. मग एकाचा हक्क आणि दुसरीची भीक कशी?

काम केलं याची नोंद नाही, ही खरी मेख आहे. जनगणनेच्या आकड्यांनुसार देशाच्या शहरी भागात साठीपुढच्या बायकांपैकी फक्त ११ टक्के काम करतात, पुरुष ४६ टक्के. २०११ ला मीही प्रगणक होतो. दारात पुरुष माणूस सांगायचा, "आई? ती घरकाम करते." आपल्या भाषेत घरकाम म्हणजे स्वतःच्या घरचं आणि घरकाम म्हणजे दुसऱ्याच्या घरचंही. पुढचा प्रश्न विचारायला हवा होता. दिवसाला पंचवीस-तीस घरं उरकताना मी तो प्रत्येक दारात विचारला नाही. घरेलू कामगारांसाठी २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला, नोंदणीचं वय १८ ते ६०. ताई तेव्हा छप्पन्न वर्षांची होती, नोंदणी झाली असती. तिला कुणी सांगितलं नाही. मीसुद्धा नाही.

उत्पन्नाची अट काढली तर तिजोरी बुडेल असं म्हणणारे इथेही येतील. एसटीत पंचाहत्तरीनंतर मोफत प्रवास ऑगस्ट २०२२ पासून आहे, त्यात उत्पन्न विचारत नाहीत. सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारत योजनेचं पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं, त्यातही नाही. वय पुरतं. मग पेन्शनला का पुरू नये? कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव आणि सामाजिक कार्यकर्त्या अरुणा रॉय पेन्शन परिषद या मोहिमेतून हेच मागत होते, की प्रत्येक कष्टकरी म्हाताऱ्या माणसाला किमान वेतनाच्या निम्मी पेन्शन द्या. गरीब ज्येष्ठांच्या पेन्शनमधला केंद्राचा वाटा मात्र कित्येक वर्षं २०० रुपयांवर अडकलाय, ऐंशीनंतर ५००. ताईला आयुष्मान कार्ड मिळालं, ते त्या वाळवी लागलेल्या पानामुळे. जुन्या आधारवर ती सत्तरीची व्हायला २०३० उजाडलं असतं.

काही गोष्टी राहिल्या. २०११ नंतरचे माझे टक्के अंदाजाचे आहेत, पुढची जनगणना २०२७ ला आहे. श्रावणबाळचे पैसे लाखो लोकांना मिळतात आणि त्यांच्यासाठी पंधराशे ही मोठी रक्कम आहे, योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. भाचा गुणी आहे. आणि भावाचंही एक खरं आहे. पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं घालवून त्याला ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीतून कामगारांना मिळणारी, पेन्शन अडीच हजारांच्या आत मिळते. त्या योजनेत किमान पेन्शन २०१४ पासून १,००० आहे, तिथेच आहे. मी पेन्शनवर बोललो की त्याला ते लागतं, हे मला उशिरा कळलं. तरी भीक हा शब्द त्यानं मागे घ्यावा.

तुम्ही प्रकल्पासाठी विचारत असाल तर बागेतल्या बाकांवर प्रश्नावली भरू नका. पर्वतीच्या पायथ्याला, दांडेकर पुलाला, ताडीवाला रोडला वस्त्यांत दुपारी दोननंतर जा, तेव्हा बायका घरी असतात. मुलाला बाहेर बसवा आणि बाईशी बोला. घरकाम म्हणाली तर कुणाच्या घरचं ते विचारा. वय आधारवरून उतरवू नका. माझ्या ताईला विचारलंत तर ती सांगेल, दुष्काळात थोरला सव्वा वर्षाचा होता. तसंच लिहून घ्या आणि हिशेब घरी येऊन करा.