प्रश्न तुमचे : मेसवर पडलेलं विमान आणि नीटची मुलगी

प्रश्न : मुलगी सतरा वर्षांची, पीयूसी दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला), नीट या मेडिकल प्रवेश परीक्षेची तयारी करते. 12 जून 2025 ला अहमदाबादेत विमान मेडिकल हॉस्टेलच्या मेसवर कोसळलं. दोन आठवडे झाले, तेच व्हिडिओ पाहत असते. पुस्तक उघडून नुसतीच बसते, रात्री दचकून उठते. ‘मला रक्त द्यायचंय’ म्हणते. काय करू?
– एक आई, खानापूर

उत्तर : दुपारच्या ताटावरून ती मुलं गेली आणि तुमच्या मुलीला वर्षभरात अशाच मेसमध्ये बसायचंय. म्हणून ‘आपल्याला काय त्याचं, अभ्यास कर’ हे वाक्य तिला लागतं. त्याऐवजी ‘डोक्यात काय चाललंय?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. समोरासमोर बसवून नको. भाजी निवडताना, गाडीवरून जाताना मुलं जास्त बोलतात. तिनं विषय बदलला तर बदलू द्या. खोदून खोदून सगळं वदवून घेण्यानं मन हलकं होतंच असं नाही, कधीकधी त्रास वाढतो.

मोबाइल हिसकावू नका, मैत्रिणीच्या फोनवर पाहील. दोघींनी बसून व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’त जाऊन फोटो-व्हिडिओचं आपोआप डाउनलोड बंद करा. बातमी दिवसातून दोनदा, पंधरा मिनिटं, शक्यतो वाचून. रात्री आठनंतर नाही. हे उगाच सांगत नाही. 2013 च्या बॉस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटानंतर रोज सहा तास किंवा जास्त त्याच बातम्यांत असलेल्यांमध्ये, तिथं प्रत्यक्ष हजर असलेल्यांपेक्षाही जास्त ताण आढळला होता. ‘अपघाताचं खरं कारण’ सांगणाऱ्या रीलबद्दल तिला एक गोष्ट सांगा : प्राथमिक अहवाल तीस दिवसांत द्यायचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. तोवरचं बहुतेक सगळं अंदाजपंचे.

रक्तदानाचं स्पष्ट सांगा : अठरा पूर्ण लागतात, वजनही किमान 45 किलो. पण नुसता नकार देऊन थांबू नका, तिचे हात रिकामे राहतील. जवळपास शिबिर असेल तर नोंदणीच्या टेबलावर बसू दे, रक्त दिलेल्यांना सरबत-बिस्किट देऊन थोडा वेळ बसवून ठेवू दे. त्याहून बरं म्हणजे सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याला छाती दाबून आणि श्वास देऊन वाचवायचा प्रथमोपचार, शिकणं : मोठ्या माणसाच्या छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 च्या गतीनं, पाच-सहा सेंटिमीटर खोल 30 दाब, मग दोन श्वास. सराव पुतळ्यावरच, धडधाकट भावावर नाही! मदत मात्र ठरावीक असावी, रविवारचे दोन तास वगैरे. दिवसभर त्यातच राहिली तर तेही व्हिडिओसारखंच होतं. आणि ग्रुपवर फिरणाऱ्या क्यूआर कोडवर पैसे पाठवू देऊ नका.

पहिले तीन-चार आठवडे झोप बिघडणं, चिडचिड, अभ्यासात लक्ष नसणं अपेक्षितच आहे. महिना उलटूनही तसंच राहिलं, तर बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा. जेवण सुटलं किंवा ‘जगून काय उपयोग’ असं बोलली, तर महिन्याची वाट पाहू नका, तिला एकटीला सोडू नका आणि त्याच दिवशी 14416 या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर फोन करा. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. फोन तिनंच करायला हवा असं नाही. तुम्ही आधी करून विचारलंत तरी चालतं.