फायबरच्या होडीला घरी रंग

प्रश्न : कोयना जलाशयाकाठच्या बामणोलीच्या आमच्या फायबरच्या होडीला गेल्या वर्षी प्रथमच दिलेला रंग पापुद्रे धरून सुटतो आहे. तो घरी पुन्हा देता येईल का? — एक वाचक, सातारा

उत्तर : अवश्य येईल, मात्र असा रंग सुटण्याचे कारण बहुधा त्याखालच्या मेणात असते. साच्यातून होडी सुटावी म्हणून लावलेले हे मेण न काढता पॉलिश पेपर मारला, तर ते ओरखड्यांत अधिकच बसते. म्हणून सुटलेला रंग खरवडून, साबणाने धुऊन, ॲसिटोन या द्रावकाने पुसावे व फडके वरचेवर बदलावे. मगच १२० व २२० नंबरच्या पेपरने, चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासावे. घासताना मास्क अवश्य लावावा, कारण ही धूळ फुफ्फुसांना घातक असते. त्यावर इपॉक्सी प्रायमर (रंगाला पकड देणारा पहिला थर) आणि दोन घटकांच्या, म्हणजे ऐनवेळी मिसळायच्या, पॉलियुरेथेन रंगाचे पातळ हात द्यावेत. जलाशयाकाठी दव लवकर पडते, तेव्हा काम दुपारपर्यंत आटोपावे.