स्टेक राखाडी का होतो?

प्रश्न: ताई, आम्ही शिकागोत अपार्टमेंटमध्ये राहतो, ग्रिल नाही. पॅनवर स्टेक (मांसाचा जाड काप) केला की राखाडीच होतो, वर स्मोक अलार्म वाजतो. काय करू?

उत्तर: अगं, सगळा घोळ ओलाव्याचा आहे. वरचं पाणी उडेपर्यंत तापमान १०० डिग्री सेल्सिअसच्या पुढे जातच नाही आणि खमंग ब्राउन व्हायला साधारण १४० तरी लागतात, म्हणून आदल्या रात्री मीठ लावून फ्रीजमध्ये उघडाच ठेव, मग पेपर टॉवेलने नीट टिपून घे. बिडाचा तवा कडक तापव, रिफाइंड अ‍ॅव्होकाडो तेल तव्यात न ओतता स्टेकलाच चोळ, धूर बराच कमी होतो. बटर-लसूण अगदी शेवटी, नाहीतर जळतं. एकदाच उलटायचा हा नियम मला अजिबात पटत नाही, दर अर्ध्या मिनिटाला उलट, आतून एकसारखा शिजतो. मांसाचा थर्मामीटर घेच, अमेरिकेतला सरकारी सल्ला म्हणजे स्टेकच्या आतलं तापमान ६३ डिग्री सेल्सिअस आणि तव्यावरून काढल्यावर ३ मिनिटं थांबायचं.