न दिलेला हात

बेटा,

परवा जेवताना तू दोन प्रश्न विचारलेस आणि मी तुझ्या ताटात आणखी भात वाढून वेळ मारून नेली. पहिला प्रश्न असा: "अब्बा, वर्गातला एक मुलगा म्हणाला की तुमच्यात दुसऱ्यांना मारून स्वतः मरतो त्याला शहीद म्हणतात. खरंय का?" मी गप्प बसलो, म्हणून तू दुसरा विचारलास: "मग गावी मोहरमला तात्या पंजाला खांदा का देत होते? ते तर हिंदू आहेत. आणि मोहरमचा शोक शिया पाळतात ना, आपण तरी कुठे शिया आहोत?"

हे तोंडी सांगायला बसलो की माझा आवाज चढतो आणि तू ऐकायची थांबतेस. म्हणून लिहितोय. मराठीतच लिहितोय, कारण हुसेनची गोष्ट मीही मराठीतच ऐकली, तुझ्या दादीच्या तोंडून, चुलीपुढे. कुठे अडलं तर अम्मीला विचार.

आधी शब्द बघू. शहीद हा अरबी शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ साक्षीदार. मरणाचा अर्थ त्याला नंतर चिकटला. आपण कलमा पढतो त्याला शहादत म्हणतात, तीही साक्षच. कुराणाच्या चौथ्या सूरेत, म्हणजे अध्यायात, १३५ वी आयत आहे. तिचा अर्थ असा की ईमानवाल्यांनो, न्यायाच्या बाजूनं घट्ट उभे राहा, अल्लाहसाठी साक्ष द्या, मग ती तुमच्या स्वतःच्या, आईबापांच्या, भाऊबंदांच्या विरुद्ध का जाईना. तिथे साक्ष देणाऱ्यांसाठी जो शब्द आलाय तो 'शुहदा', म्हणजे शहीदचंच अनेकवचन. तलवारीचं नावही त्या आयतीत नाही.

ही आयत मी पाठ करायच्या आधी घरात पाहिली. मी नऊ वर्षांचा असेन. माझ्या एका चुलत्यांनी शेजारच्या विधवा बाईच्या बांधावरचा हद्दीचा दगड रातोरात सरकवला होता. पंचनामा झाला, आणि पंचांमध्ये माझे वडील. कागद आधीच लिहून तयार होता, दगड पूर्वीपासून तिथंच होता असा. चुलते म्हणाले, "कर सही, घरातलीच गोष्ट आहे." वडिलांनी कागद पूर्ण वाचला. मग पेनाला टोपण लावलं, पेन चुलत्यांच्या खिशात परत अडकवलं आणि म्हणाले, "दगड कुठं होता ते मी बघितलंय." एवढंच. ओरडले नाहीत, भाषण केलं नाही. पुढं सहा वर्षं चुलत्यांच्या घरातून ईदलासुद्धा कुणी आमच्या दारात आलं नाही, आणि वडिलांच्या शिलाईच्या दुकानाची निम्मी गिऱ्हाइकं तुटली, कारण ती भावकीतलीच होती. दादी त्या रात्री रडली. पण सही करा असं ती एकदाही म्हणाली नाही.

हे मनात ठेवून आता करबला ऐक.

सन ६८० मध्ये दमास्कसला मुआवियांचा मृत्यू झाला आणि त्यांचा मुलगा यजीद खलिफा म्हणून गादीवर बसला. बापाची गादी मुलाला, राजेशाहीत चालते तशी. त्याला सगळ्यांची बैअत हवी होती. बैअत म्हणजे राज्यकर्त्याच्या हातात हात देऊन निष्ठेची शपथ घेणं. मदिनेत हुसेन राहत होते, पैगंबरांचे नातू, अली आणि फातिमा यांचे चिरंजीव. त्यांच्याकडे निरोप आला की हात द्या. त्यांनी उत्तर दिलं की माझ्यासारखा माणूस त्याच्यासारख्याला बैअत देणार नाही. यजीदकडे फौज होती, खजिना होता, प्रांताप्रांतात सुभेदार होते. त्याला फक्त हा एक हात कमी पडत होता, कारण पैगंबरांच्या नातवानं हात दिला असता तर यजीद करेल ते सगळं योग्यच ठरलं असतं. वडिलांच्या सहीसारखंच.

हुसेन मदिनेतून मक्केला गेले. आजच्या इराकमधल्या कुफा शहरातून त्यांना पत्रांवर पत्रं येत होती की या, आम्ही तुमच्याबरोबर आहोत. ते बायकामुलं घेऊन निघाले. लढाईला जाणारा माणूस तान्हं बाळ बरोबर नेत नाही, हे त्या मुलाला जरूर सांग. वाटेत कळलं की कुफ्यात पुढं पाठवलेला त्यांचा चुलतभाऊ मुस्लिम बिन अकील याला मारलंय आणि शहर भीतीनं गप्प झालंय.

इथून पुढं एका माणसाकडे नीट बघ. त्याचं नाव हुर्र. हजारभर घोडेस्वार घेऊन तो हुसेनना अडवायला आला होता. वाळवंट, भर दुपार, आणि हुर्रचे लोक तहानेनं कासावीस झालेले. हुसेननी आपल्या माणसांना सांगितलं, यांना पाणी द्या. घोड्यांनाही द्या. आपली वाट अडवायला आलेल्या फौजेला त्यांनी आपल्या पखालींतलं पाणी पाजलं. दादी ही गोष्ट सांगताना इथं थांबायची, आणि मलाही वाटतं की करबलेचा निम्मा अर्थ इथंच आहे. जुलमाला नकार द्यायचा, पण समोरच्या तहानलेल्या माणसाचा द्वेष करायचा नाही.

त्याच हुसेनचं पाणी पुढं करबला या ठिकाणी मोहरमच्या सातव्या दिवशी तोडलं गेलं. फरात नदी डोळ्यांसमोर वाहत होती आणि तंबूत लहान मुलं होती. दहाव्याच्या आदल्या रात्री हुसेननी सोबत्यांना गोळा केलं, दिवे मालवले आणि म्हणाले, यांना फक्त मी हवाय, अंधार आहे, ज्याला जायचं त्यानं जावं, मी कुणावर रागावणार नाही. दिवे अशासाठी मालवले की जाणाऱ्याला कुणाच्या डोळ्यांत बघावं लागू नये. बहात्तर जण राहिले असं मानतात. समोर हजारोंची फौज होती.

सकाळी हुर्र आपल्या फौजेतून घोडा हळूहळू पुढं काढत आला आणि हुसेनपुढं उतरला. मीच तुमची वाट अडवली, मला माफी मिळेल का, असं त्यानं विचारलं. त्याला ठाऊक होतं की तो जिंकणाऱ्या बाजूकडून मरणाऱ्या बाजूला येतोय. हुसेननी त्याला जवळ घेतलं. तो त्याच दिवशी मारला गेला. आयुष्यभर चुकीच्या रांगेत उभा राहिलेला माणूस शेवटच्या सकाळी रांग बदलू शकतो, हे मला हुर्रनं शिकवलं. माझे ते चुलते म्हातारपणी वडिलांच्या दारात येऊन बसले होते तेव्हा मला हुर्रच आठवला.

हुसेननी पहिला वार आपल्या बाजूनं होऊ दिला नाही. त्यांचे भाऊ अब्बास मुलांसाठी पाणी आणायला नदीवर गेले. पखाल भरून परतताना त्यांचे दोन्ही हात तोडले गेले. हुसेनच्या सहा महिन्यांच्या मुलाला, अली असगरला, बापाच्या हातांवर असताना बाण लागला. दुपार कलेपर्यंत हुसेन एकटे उरले, आणि तेही गेले. १० मोहरम, हिजरी सन ६१.

मग साक्ष कुणी दिली? त्यांच्या बहिणीनं, जैनबनं. कैदी करून तिला आधी कुफ्यात आणि मग दमास्कसला यजीदच्या दरबारात नेलं. कुफ्याच्या सुभेदारानं तिला हिणवून विचारलं की अल्लाहनं तुझ्या भावाचं काय केलं, पाहिलंस ना? ती म्हणाली, मी सुंदर तेवढंच पाहिलं. हे वाक्य लहानपणी मला कळायचंच नाही. एका दिवसात भाऊ, मुलं, भाचे गेलेली बाई सुंदर कशाला म्हणते? आता वाटतं, ज्या माणसांना रात्री अंधारात पळून जायची मोकळीक होती आणि तरी जी सकाळी तिथंच उभी होती, त्यांच्याबद्दल ती बोलत होती. यजीदच्या भर दरबारात ती उभी राहून बोलली म्हणून आज आपल्याला करबला ठाऊक आहे. पैगंबरांची एक हदीस, म्हणजे वचन, आहे की जुलमी राज्यकर्त्यासमोर खरं बोलणं हा सर्वश्रेष्ठ जिहाद. तो जैनबनं बेड्यांमध्ये केला.

आता तुझ्या वर्गातल्या मुलाचं. त्याच्यावर रागावू नकोस, त्यानं बातम्यांत तेच ऐकलंय. बाजारात, बसमध्ये, मशिदीत बॉम्ब फोडणाऱ्यांनी हा शब्द पळवून नेला, आणि त्याचा मला जितका राग येतो तितका क्वचितच कशाचा येतो. इस्लामात आत्महत्या हराम आहे. पैगंबरांनी युद्धातसुद्धा बायका आणि मुलं मारायला मनाई केली. एका निरपराध माणसाला मारणं म्हणजे सगळ्या माणसांना मारणं, असं कुराणाच्या पाचव्या सूरेत आहे. बायकामुलांवर पाणी तोडणारे करबलेत कोण होते आणि पाणी पाजणारे कोण, एवढं त्याला विचार.

आणि शहीद फक्त रणात होतो असंही नाही. हदीसमध्ये बुडून मेलेला, साथीच्या रोगात गेलेला, पोटाच्या आजारानं गेलेला, पडक्या भिंतीखाली सापडलेला, बाळंतपणात गेलेली बाई, यांनाही शहीद म्हटलंय. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीला भूकंप झाला. गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे माणसं झोपेत घराखाली गाडली गेली. रेडिओवर बातमी ऐकून दादी म्हणाली, "शहीद झाली बिचारी." त्यांतल्या कुणाचा धर्म तिनं विचारला नाही.

आता तात्या. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपण गावी होतो तेव्हा तू दहा वर्षांची होतीस, त्यामुळे तुला खांदाच आठवतोय. त्याआधीचं तू पाहिलं नाहीस. चंद्र दिसला की कुदळ पडते, म्हणजे आगीची खाई खणायला सुरुवात होते. पेटीतले पंजे बाहेर निघतात, धुऊन लखलखीत होतात, त्यांना कपडे चढतात, उदाचा धूर होतो. नवव्या दिवशी खत्तलरात्र, म्हणजे कत्तलीची रात्र, दहाव्या दिवशी विसर्जन. ते धातूचे पंजे निरखून बघितलेस का? पाच बोटं म्हणजे पंजतन, पैगंबर, अली, फातिमा, हसन, हुसेन. कुणी त्यात अब्बासांचे तुटलेले हात बघतं. मला त्यात यजीदला न दिलेला हात दिसतो. ही माझी समजूत आहे, कुठल्या मौलानाची नाही.

आपल्या मुलखात हे फार जुनं आहे. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहानं सोळाव्या शतकात शिया पंथ स्वीकारला, विजापूर आणि गोवळकोंड्याच्या दरबारांतही मोहरम थाटानं व्हायचा. तिथून तो गावोगाव उतरला आणि मग तो दरबाराचा राहिलाच नाही, गावकीचा झाला. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावला गगनचुंबी ताबुतांच्या, म्हणजे हुसेनच्या कबरीच्या सजवलेल्या प्रतिकृतींच्या, भेटी होतात, त्यात हिंदूंचेही ताबूत असतात. कोल्हापुरात तालमींमध्ये पंजे बसतात, आणि मोहरम-गणपती एकत्र आले की एकाच तालमीत दोन्ही. सगळं गोडच होतं असं मात्र मी सांगणार नाही. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंगलींनंतर पुण्यात पुष्कळ हिंदूंनी ताबुतांकडे पाठ फिरवली, आणि सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला तो त्याच काळात. आपल्याही मशिदीत पंजे बसवणं चूक मानणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं मी ऐकून घेतो. आपण सुन्नी. आपल्यात नवव्या-दहाव्याला रोजा धरतात, पैगंबर मूसा आणि त्यांचे लोक मिसरचा राजा फिरऔनच्या जाचातून सुटले त्याची आठवण म्हणून. पण हसन-हुसेन हे जन्नतमधल्या तरुणांचे सरदार, ही हदीस सुन्नींचीच आहे. दादी दोन्ही करायची. दिवसभर रोजा, आणि गुळाच्या पाण्यात मळलेल्या कणकेचे नक्षीदार चोंगे तळून गल्लीभर वाटप. रोजेदार दादीनं चोंगा चाखूनही पाहिला नाही आणि एकाही पोराला रिकाम्या हातानं पाठवलं नाही.

तात्यांना मी एकदा विचारलं होतं की तुम्ही खांदा का देता. ते म्हणाले, "माझा बा लहानपणी जगत नव्हता. आज्यानं पिराला नवस बोलला, त्येला मोहरमचा फकीर केला, बा जगला. तवापासनं खांदा आमचा." एवढंच कारण. त्यांना यजीद ठाऊक नाही, बैअत ठाऊक नाही. पण मिरवणूक त्यांच्या दारापुढं आली की तात्या घागर घेऊन उभे राहतात आणि येईल त्याला सरबत देतात. हुसेनला कुणी पाणी दिलं नाही, हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक आहे.

त्यांनी तुझ्या मनगटाला बांधलेला लाल नाडा तू शाळेसाठी काढलास तेव्हा मी उचलून ठेवला होता. माझ्या कपाटात, दादीच्या तसबिहीच्या, जपमाळेच्या, डबीत आहे. रविवारी तात्यांना फोन करू. यंदा कुदळ कधी पडणार ते तूच विचार. जरा मोठ्यानं बोल, त्यांना आता कमी ऐकू येतं.

तुझा,
अब्बा