वाचकांचे प्रश्न : बॅटमॅनच्या कार्टूनमधला काळोख

अमेरिकेत १९९२ ते १९९५ या काळात प्रथम प्रसारित झालेल्या ‘बॅटमॅन : दि अ‍ॅनिमेटेड सिरीज’ या ८५ भागांच्या मालिकेविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी निवडली आहेत.

प्रश्न : लहानपणी ही मालिका मला जवळजवळ तोंडपाठ होती. आता चाळिशीच्या उंबरठ्यावर ती पुन्हा सलग पाहिली, तेव्हा मारामाऱ्यांपेक्षा खलनायकांची दुःखेच अंगावर आली. काही भाग संपल्यावर बराच वेळ उदास वाटत राहिले. हा काळोख मालिकेत मुळातच होता, की माझ्या वयाने तो तिच्यावर लादला आहे?

उत्तर : काळोख मुळातच होता, आणि तो अगदी कागदापासून सुरू होत होता. अ‍ॅनिमेशनची पार्श्वचित्रे सहसा पांढऱ्या कागदावर रंगवली जातात. ब्रूस टिम यांच्यासह ही मालिका उभी करणाऱ्या एरिक राडोम्स्की यांनी मात्र गॉथम नगरी काळ्या कागदावर रंगवण्याची पद्धत आणली. त्यामुळे अंधार वेगळा रंगवण्याची गरजच उरली नाही. चित्रकाराने ठरवायचे ते एवढेच की खिडकी, दिवा किंवा ओला रस्ता यांच्यावर किती उजेड पडू द्यायचा. तुम्ही लहानपणी हे पाहिलेले होतेच, फक्त तेव्हा तुमचे लक्ष त्या उजेडात धावणाऱ्या माणसाकडे होते.

वयाने काय बदलते, हे पाहायला ‘हार्ट ऑफ आइस’ हा भाग सोयीचा आहे. पॉल डिनी यांनी लिहिलेल्या आणि टिम यांनी दिग्दर्शित केलेल्या या भागाला लेखनाचा डेटाइम एमी, म्हणजे अमेरिकेतल्या दिवसाच्या वेळेतल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांसाठीचा पुरस्कार, मिळाला. मुलाच्या लक्षात राहते ती मिस्टर फ्रीझची बर्फ फेकणारी बंदूक. शिवाय सर्दीने बेजार झालेला बॅटमॅन शेवटी थर्मासमधल्या गरम सूपने त्याच्या शिरस्त्राणाची काच तडकवतो, ती गंमतही लक्षात राहते. प्रौढ माणसाची नजर मात्र दुसऱ्याच प्रसंगावर खिळते. व्हिक्टर फ्राइज हा शास्त्रज्ञ आपल्या आजारी पत्नीला, नोराला, गोठवून ठेवून तिच्यावर उपाय शोधत असतो. कंपनीचा प्रमुख फेरिस बॉयल खर्च परवडत नाही म्हणून ते काम बंद पाडायला माणसे घेऊन येतो आणि झटापटीत फ्राइजला रसायनांमध्ये लाथाडतो. हाच बॉयल वर्तमानकाळात मानवतावादी उद्योगपती म्हणून पुरस्कार स्वीकारत असतो. ज्याने नोकरीत कधी ‘हा खर्च आता शक्य नाही’ असे वाक्य ऐकले आहे, किंवा नाइलाजाने स्वतः उच्चारले आहे, त्याला हा भाग बर्फाच्या बंदुकीचा वाटणे शक्यच नाही. त्याआधी कॉमिक्समध्ये फ्रीझ हा एका युक्तीपुरता खलनायक होता. या भागाने दिलेले दुःखच पुढे कॉमिक्सनेही स्वीकारले.

माझ्या मते याहूनही अस्वस्थ करणारा, आणि त्या मानाने कमी चर्चिला गेलेला, भाग म्हणजे ‘सी नो ईव्हिल’. एका लहान मुलीला मोजो नावाचा अदृश्य मित्र आहे. तो रात्री तिच्या खोलीत येतो, तिच्याशी बोलतो, तिला दागिने भेट देतो. मुलाच्या दृष्टीने ही जवळजवळ परीकथाच आहे. पण मोजो म्हणजे लॉइड वेन्ट्रिक्स. हा तिचा तुरुंगातून सुटलेला बाप, ज्याला तिच्या आईने तिच्यापासून दूर ठेवले आहे आणि जो अदृश्य करणारा पोशाख चोरून घरात शिरतो आहे. आई समजते की मुलगी कल्पनेतल्या सवंगड्याशी खेळते आहे. तो पोशाख अंगावर असताना माणसाच्या डोक्यावर हळूहळू परिणाम करतो, हा विज्ञानकथेचा धागा बाजूला ठेवला तरी उरलेली गोष्ट कोणत्याही कौटुंबिक न्यायालयात ऐकू येईल अशी आहे. तो मुलीला घेऊन जायला येतो आणि आपण तिचे वडील आहोत हे सांगतो, तेव्हा ती आनंदण्याऐवजी घाबरते. त्या क्षणी लेखकांनी ना बापाची कीव दडवली आहे, ना मुलीची भीती.

‘जोकर्स फेवर’मधला जोकरही असाच वयानुसार बदलतो. चार्ली कॉलिन्स हा सामान्य माणूस वाईट दिवसाचा राग रस्त्यावरच्या एका चालकावर काढतो आणि तो चालक नेमका जोकर निघतो. ‘कधीतरी माझे एक काम कर’ या अटीवर जोकर त्याला सोडतो. चार्ली नाव बदलतो, गाव बदलतो, तरी दोन वर्षांनी फोन येतोच. लहानपणी आपण जोकर पुढे काय करतो याची वाट पाहत होतो. आता आपण चार्लीच्या घरातला तो फोन वाजू नये म्हणून मनातल्या मनात विनवण्या करत असतो.

राहिला खुद्द बॅटमॅन. ‘पर्चान्स टु ड्रीम’ या भागात ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्यामागचा बॅटमॅन, जागा होतो तो अशा जगात, जिथे आईवडील जिवंत आहेत, लग्न ठरले आहे आणि बॅटमॅनचे काम दुसराच कोणीतरी करतो आहे. पुस्तक उघडल्यावर अक्षरांचा नुसता गोंधळ दिसतो आणि त्यावरून हे स्वप्न आहे हे तो ओळखतो. स्वप्नातून सुटण्यासाठी तो उंच मनोऱ्यावरून स्वतःला खाली झोकून देतो. ते स्वप्न रचणारा खलनायक मॅड हॅटर शेवटी जे बोलतो त्याचा आशय असा की, तू माझ्या आयुष्यातून दूर राहावेस एवढ्यासाठी तुला हवे ते आयुष्य द्यायला मी तयार होतो. लहानपणी हा विजय वाटतो. आता मात्र असे वाटते की या माणसाला सुख समोर वाढून ठेवले तरी त्याचा हात तिकडे वळत नाही. त्यामागे कर्तव्यबुद्धी किती आणि दुःखाची सवय किती, याचा निकाल मालिका देत नाही. तुमची उदासी तुमच्या वयाने आणलेली नाही. वयाने तुम्हाला फक्त खलनायकाच्या, बापाच्या आणि चार्लीच्या बाजूला नेऊन उभे केले आहे.

सगळेच भाग या तोलाचे आहेत असे मात्र नाही. जखमी बॅटमॅनला मुले तळघरात लपवतात तो पेंग्विनचा भाग आज पाहताना घड्याळाकडे लक्ष जाते.

प्रश्न : मुलांसाठीच्या वाहिनीवर इतके गंभीर विषय चालवून कसे घेतले गेले? तेव्हा निर्बंध नव्हते का?

उत्तर : निर्बंध पुष्कळ होते. मालिका फॉक्स वाहिनीच्या मुलांच्या कार्यक्रमांत दाखवली जात होती, आणि काय दाखवायचे नाही याविषयी वाहिनीचा विभाग दक्ष असे. गुन्हेगारांच्या हातात खऱ्यासारख्या बंदुका दिसत, ही त्या काळच्या कार्टूनसाठी मोठीच सवलत होती. मात्र रक्त, उघड मृत्यू, मुलांना होणारी इजा या गोष्टींना मज्जाव होता. माझा तर्क असा आहे की मालिकेचा काळोख इतका टिकाऊ ठरला तो या निर्बंधांमुळेच, कारण हिंसा चौकटीबाहेर गेली आणि तिचे परिणाम तेवढे चौकटीत उरले.

‘रॉबिन्स रेकनिंग’ पाहा. पुढे बॅटमॅनचा साथीदार रॉबिन होणाऱ्या डिक ग्रेसनचे आईवडील सर्कशीत झुल्यावर कसरत करत असताना खंडणीखोराने कापून ठेवलेला दोर तुटतो. पडणे दाखवता येत नव्हते. म्हणून झुला त्या दोघांना घेऊन चौकटीबाहेर जातो, आणि परत येतो तो फक्त तुटलेला दोर. खाली काय झाले हे प्रेक्षकाने स्वतःच जुळवायचे असते, आणि लहान मूलही ते जुळवतेच. या कथेच्या पहिल्या भागाला १९९३ साली प्राइमटाइम एमी मिळाला, म्हणजे मुलांच्या मालिकेने मोठ्यांच्या वेळेतल्या कार्यक्रमांसाठीचा पुरस्कार नेला. ब्रूसच्या आईवडिलांचा खूनही मालिकेने असाच सूचित ठेवला. ‘अपॉइंटमेंट इन क्राइम अ‍ॅली’मध्ये तो दरवर्षी त्या गल्लीत जाऊन फुले ठेवतो, यातच सगळे येते.

डिसेंबर १९९३ मध्ये याच चमूचा ‘मास्क ऑफ द फँटॅझम’ हा चित्रपट चित्रपटगृहांत आला तेव्हा दूरचित्रवाणीचे नियम सैल झाले होते, आणि त्यात रक्तही दिसते. तरीही त्यातला सर्वात जड प्रसंग हाणामारीचा नाही. प्रेमात पडलेला तरुण ब्रूस पावसात आईवडिलांच्या कबरीपुढे उभा राहून, गुन्हेगारीशी लढण्याच्या त्यांना दिलेल्या शपथेतून सुटका मागतो, कारण आपण कधी सुखी होऊ हे त्याने गृहीतच धरलेले नव्हते.

या प्रसंगांना आवाजांचाही मोठा आधार आहे. आवाजांचे दिग्दर्शन करणाऱ्या अँड्रिया रोमानो यांनी कलाकारांना शक्यतो एकत्र बसवून ध्वनिमुद्रण केले. त्यामुळे बॅटमॅनचा आवाज देणारे केविन कॉनरॉय आणि जोकरचा आवाज देणारे मार्क हॅमिल यांच्या संवादांत समोरासमोर बोलण्याची धार आली. कॉनरॉय यांनी ब्रूस आणि बॅटमॅन यांना दोन निराळे आवाज दिले. आपण समलिंगी असल्याचे लपवत जगावे लागल्याचा अनुभव या दुहेरी माणसाला समजून घेताना कसा कामी आला, हे त्यांनी २०२२ साली एका आत्मकथनपर कॉमिकमध्ये सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. ते वाचल्यावर जुने भाग ऐकताना कान वेगळ्या जागी थबकतो.

प्रश्न : हार्ली क्विन ही माझी शाळेपासूनची आवडती व्यक्तिरेखा. जोकर आणि ती ही जोडी मला तेव्हा फार गोड वाटे. आता ते पाहताना मला स्वतःचीच लाज वाटते. अशी व्यक्तिरेखा आवडणे चूक आहे का?

उत्तर : व्यक्तिरेखा आवडणे यात काहीच चूक नाही. लेखकांनी तिला आवडावी अशीच घडवली आहे. ती कॉमिक्समधून आलेली नाही, याच मालिकेत ‘जोकर्स फेवर’मध्ये जोकरची एक साथीदार म्हणून प्रथम आली. डिनी यांनी तिची कल्पना अभिनेत्री आर्लीन सॉर्किन यांच्यावरून घेतली आणि आवाजही सॉर्किन यांनीच दिला. त्या आवाजातला खट्याळपणा इतका लोभस होता की एका भागासाठी योजलेली ही बाई पुढे कायमची राहिली.

जोडी मात्र मालिकेनेही गोड मानलेली नव्हती, हे पुन्हा पाहताना ध्यानात येईल. ‘हार्ली अँड आयव्ही’मध्ये जोकर तिला हाकलून देतो, पॉयझन आयव्ही ही दुसरी खलनायिका तिला आसरा देते, चोऱ्यांमध्ये दोघींचा उत्तम जम बसतो, आणि तरीही हार्लीचा हात त्याला फोन करण्यासाठी वळतोच. डिनी आणि टिम यांच्या ‘मॅड लव्ह’ या १९९४ सालच्या कॉमिकने, आणि त्यावरून पुढील मालिकेत १९९९ मध्ये केलेल्या भागाने, ही गोष्ट पूर्ण उलगडली. अर्खमच्या मनोरुग्णालयातली तरुण डॉक्टर हार्लीन क्विन्झेल जोकरवर उपचार करू लागते. तो आपल्या दुष्ट बापाच्या रचलेल्या कहाण्या सांगून तिची दया कमावतो. पुढे ती त्याच्यासाठी बॅटमॅनला पकडते तेव्हा आपला विनोद बिघडवल्याच्या रागाने तो तिला उंच खिडकीतून ढकलून देतो. शेवटच्या प्रसंगात पट्ट्यांमध्ये गुंडाळलेली हार्ली अर्खमच्या खोलीत आणली जाते. हा माणूस कसा आहे हे आता तिला पुरते कळलेले असते. तेवढ्यात खोलीत ठेवलेले एक गुलाबाचे फूल आणि लवकर बरी हो अशी जोकरची चिठ्ठी तिच्या नजरेस पडते, आणि तिचा चेहरा पुन्हा उजळतो.

मारहाण, मग एक फूल, मग क्षमा, हे चक्र इतक्या नेमकेपणाने मांडणाऱ्या लेखकांना ते प्रेम वाटत होते असे म्हणता येणार नाही. शाळकरी मुलीला मात्र ते विनोद वाटले, कारण कार्टूनमध्ये खिडकीतून पडणारे पात्र पुढच्या प्रसंगात उठून चालू लागते हे तिला इतर शेकडो कार्टूनांनी शिकवले होते. आक्षेपच घ्यायचा तर तो पुढे भेटकार्डांवर आणि कपड्यांवर या दोघांना आदर्श प्रेमिक म्हणून विकणाऱ्यांवर घ्यावा. कॉमिक्सने तिला जोकरपासून वेगळे काढून स्वतःचे आयुष्य दिले आहे. तेही जरूर वाचा.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला ही मालिका दाखवावी का, आणि कुठून सुरुवात करावी?

उत्तर : दाखवावी, पण सलग नव्हे आणि एकट्याने नव्हे. सुरुवात ‘बिवेअर द ग्रे घोस्ट’पासून करा. त्यात ब्रूस लहानपणी वडिलांसोबत बसून पाहत असलेल्या एका मुखवटाधारी नायकाच्या मालिकेचा संबंध आजच्या गुन्ह्यांशी लागतो. त्या मालिकेचा नट सायमन ट्रेंट आता काम नसल्यामुळे भाडे भरण्यासाठी जुना पोशाख आणि वस्तू विकत असतो. ट्रेंटला आवाज दिला आहे अ‍ॅडम वेस्ट यांनी, जे १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेतले बॅटमॅन होते. मुलाला त्यात स्फोटके घेऊन धावणाऱ्या खेळण्यातल्या मोटारी दिसतील आणि तुम्हाला ट्रेंट दिसेल, त्यामुळे भाग दोघांनाही पुरेल.

‘हार्ट ऑफ आइस’ त्यानंतर चालेल. ‘टू-फेस’ची दोन भागांची कथा थोडी थांबवा. हार्वी डेंटच्या दडपलेल्या रागातून दुसरा माणूस बाहेर येताना विजेच्या लखलखाटात दिसणारा चेहरा सात वर्षांच्या मुलाला रात्री आठवू शकतो. ‘सी नो ईव्हिल’ पाहिल्यावर मुले प्रश्न विचारतात, विशेषतः आईवडील वेगळे राहत असतील तर, तेव्हा तो भाग झोपण्यापूर्वी लावू नका. ‘मॅड लव्ह’ काही वर्षे लांबणीवर टाका. ‘पर्चान्स टु ड्रीम’ दाखवाल तेव्हा मात्र शेजारीच बसा आणि मनोऱ्यावरच्या प्रसंगानंतर भाग थांबवून, उडी मारणे हा कोणत्याही खऱ्या संकटातून बाहेर पडण्याचा मार्ग नव्हे, हे त्याच्याशी सरळ शब्दांत बोला. मग उरलेला भाग लावा.