वडिलांच्या लघवीच्या कल्चर रिपोर्टमध्ये क्लेबसिएला, ईएसबीएल आणि सात औषधांपुढे ‘आर’ आहे. म्हणजे काय?

‘आर’ म्हणजे रेझिस्टंट. वडिलांना ते औषध सोसत नाही असा अर्थ नाही (हा गैरसमज फार होतो). नमुन्यातला जंतू, म्हणजे इथे क्लेबसिएला, त्याला दाद देत नाही, एवढंच. लॅबमध्ये जंतू प्लेटवर पसरून वर औषधाच्या चकत्या ठेवतात आणि प्लेट रात्रभर 35 अंशांच्या आसपास उबवतात. चकतीभोवतीचा स्वच्छ गोल मिलिमीटरमध्ये मोजतात; ठरलेल्या मापापेक्षा लहान किंवा गोलच नाही, तर ‘आर’. ईएसबीएल ही जंतूनं बनवलेली एन्झाइम्स. ती सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी औषधं तोडून टाकतात, आणि त्यांची जनुकं बहुधा प्लाझ्मिडवर (एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यावर) असल्यानं शेजारच्या ई. कोलाय या दुसऱ्या जंतूलाही मिळू शकतात. कृपा करून, एखाद्या औषधापुढे ‘एस’ (सेन्सिटिव्ह, म्हणजे जंतू त्याला दाद देतो) दिसलं म्हणून मेडिकलमधून परस्पर औषध आणू नका. डोस मूत्रपिंडाचं काम बघून डॉक्टरांनाच ठरवू द्या.